एवढा सूर धरून ठेवा

मित्रांनो, मी बाजाची पेटी आहे, आणि वय लपवायची मला सवय नाही. ऐंशी केव्हाच पार केली. पेटी म्हटलं की हल्लीची मुलं विचारतात, हिच्यात काय ठेवतात? अरे बाळांनो, माझ्यात कपडे नाहीत की भांडी नाहीत. माझ्यात हवा असते. भाता हलला की हवा आत येते, पट्टी दाबली की ती सुरांच्या पितळी जिभांवरून बाहेर पडते, आणि मी बोलते. एवढंच माझं पोट आणि एवढाच माझा संसार.

माझा जन्म नागपूरचा, इतवारीतल्या एका बोळातला. अंग सागवानी, पट्ट्या पांढऱ्या-काळ्या. घडवणारा कारागीर भारी चिडका होता. एकेक सूर कानाशी धरायचा, कानशीने घासायचा, पुन्हा धरायचा, आणि मनासारखा लागला नाही की मलाच शिव्या घालायचा. त्याच्या शिव्या खाऊन मी सुरात आले. फुशारकी मारत नाही, पण खरं आहे.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जबलपूरच्या कारखान्यांत तोफगोळ्यांचं काम धडाक्याने चाललं होतं आणि माणसं कमी पडत होती. म्हणून नागपूर, अमरावती, यवतमाळकडची पुष्कळ मराठी माणसं तिकडे नोकरीला गेली. त्यांत काही ख्रिस्ती कुटुंबंही होती. गावात ख्रिस्ती देवळं होती, पण उपासना इंग्रजीत नाहीतर हिंदीत. आपल्या मराठीत देवाचं गाणं गायला मिळावं म्हणून या लोकांनी जबलपूरच्याच गोरखपूर भागात एक कौलारू खोली भाड्याने घेतली आणि आपली लहानशी मंडळी उभी केली. मंडळी झाली, आता पेटी हवी. मग हेमचंद्र नावाचा एकवीस वर्षांचा फिटर सुट्टी काढून नागपूरला आला आणि मला घेऊन गेला.

गोंदियाहून पुढे छोटी लाईन, अरुंद रुळांची. ती गाडी इतकी रमतगमत जायची की सायकलवाल्यानेही हात दाखवून पुढे निघून जावं. पण धक्के मात्र मेलगाडीचे! हेमचंद्राने मला फळीवर ठेवलं नाही. सबंध वाट मांडीवर धरून बसला. त्याच्या पायांना मुंग्या आल्या असतील, पण मला ओरखडा आला नाही. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

पुढे तो हेमचंद्रभाऊ झाला. कारखान्यात फिटरचा मिस्त्री झाला, मिस्त्रीचा चार्जमन झाला. चार्जमन म्हणजे तीस-चाळीस माणसांच्या कामावर नजर ठेवणारा. त्याचं खातं बारूद भरण्याचं. तिथला पहिला नियम असा की कुणी ओरडायचं नाही, कुणी धावायचं नाही, कुणी रडायचंही नाही. एक माणूस घाबरला की शेजारच्याचे हात थरथरतात, आणि बारुदीपाशी हात थरथरले की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. भाऊंनी हा नियम इतकी वर्षं पाळला की तो त्यांच्या हाडीमाशी भिनला. आणि एक दिवस तो आमच्या उपासनेतही येऊन बसला. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्याचं असं झालं. आमच्याकडे साक्षीची वेळ असते. कुणीही उभं राहावं, आठवडाभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं आणि आभार मानावेत. आता माणूस एकदा उभा राहिला की बसायचं नाव घेतो का? म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी ठरवलं की साक्ष लांबली किंवा भरकटली तर हेमचंद्रभाऊंनी पेटी सुरू करायची. गाणं सुरू झालं की सगळे गाऊ लागतात आणि बोलणारा आपोआप खाली बसतो.

मला या कामाचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! मोठमोठे पंच माझ्यापुढे गप्प बसत. सगळ्यांत जास्त वेळा मी गप्प केलं ते भय्यासाहेबांना. हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. दर दोन-तीन महिन्यांनी उभे राहायचे आणि सुरुवात ठरलेली. "सन अठ्ठावनमध्ये मला मुतखडा झाला..." झालं! पोरं तोंडाला रुमाल लावायची. मग मुतखड्यावरून दवाखाना, दवाखान्यावरून तिथला कंपाउंडर, आणि कंपाउंडर त्यांना औषधाची बाटली देत असतानाच मी वाजायला लागायची. भय्यासाहेब हसून मान हलवायचे आणि बसायचे. कंपाउंडरच्या पुढे काय झालं ते तेरा वर्षं कुणाला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं.

हळूहळू माझं काम वाढलं. साक्ष लांबली नसली, पण बोलणाऱ्याचा आवाज भरून आला, तरी भाऊंचा हात भात्याकडे जाऊ लागला. बासष्टच्या लढाईत असंच झालं, पासष्टच्या लढाईतही. रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं, अशी त्यांची समजूत. एकाने रडायला सुरुवात केली की सगळी मंडळी खचेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. माणूस वाईट नव्हता हो. शनिवारी जुन्या मऊ धोतराने मला पुसल्याशिवाय जेवत नसे. पण चांगल्या माणसाच्या हातून चूक झाली की ती फार वर्षं टिकते, कारण तिला चूक म्हणायला कुणी धजत नाही.

आता सत्यवतीबाईंचं सांगते. यांचे यजमान लवकर वारले. बाई कारखान्याच्या शिवणखात्यात होत्या. तोफेची बारूद ज्या कापडी थैल्यांत भरतात त्या थैल्या शिवायच्या. घरी एक मुलगा, श्रीकांत. ग्वारीघाटाच्या नावाड्यांच्या पोरांबरोबर नर्मदेत पोहून वाढलेला, दांडगा आणि गोड. एकविसाव्या वर्षी तो फौजेत गेला. आघाडीवर टेलिफोनच्या तारा टाकायचं त्याचं काम होतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी सुरू झाली. आमची उपासना सकाळची दुपारी दोनवर गेली, आणि लोक पाळी संपवून, हाताला तेलाचा वास तसाच घेऊन यायला लागले. चौदा दिवसांत लढाई जिंकली. शहरभर मिठाई वाटली. आणि नाताळाला चार दिवस असताना सत्यवतीबाईंच्या दारात तार आली. श्रीकांत बेपत्ता.

मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. बेपत्ता. मित्रांनो, या शब्दाला ना रडता येतं ना हसता येतं.

नाताळानंतरच्या रविवारी खोली गच्च भरली होती. विजयाची उपकारस्तुती होती. एकामागून एक माणसं उठली, आभार मानून बसली. मग सत्यवतीबाई उठल्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "सर्वांना सलाम. मी आज आभार मानायला उभी नाही राहिली. परमेश्वरा, मला तुझ्याशी भांडायचं आहे. माझा एकच लेक होता आणि तू..."

भाऊंनी भाता ओढला. जेवढी हवा माझ्यात मावते तेवढी सगळी भरली आणि विजयाचं गाणं लावलं. लोक गाऊ लागले, टाळ्या पडल्या. बाईंचे ओठ हलत होते. त्यांचे शब्द मी खाऊन टाकत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. भाऊंकडे नाही हो, माझ्याकडे! मग दारातल्या चपला पायात घातल्या आणि गाणं संपायच्या आधी निघून गेल्या.

त्या पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही आल्या नाहीत. आणि मला पहिल्यांदा माझ्या आवाजाची लाज वाटली.

त्या वेळी आमचे पाळक, म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू, होते रत्नाकरसाहेब. नवे होते, किडकिडीत, बोलताना अडखळायचे. ते बाईंना भेटायला गेले आणि परत आले. भाऊ मला पुसत बसले होते.

"भाऊ, मी दारातूनच परत आलो," पाळकसाहेब म्हणाले. "सत्यवतीबाई शिवणाची मशीन चालवून राहिल्या होत्या. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. नुसती मशीन चालवतात आणि बोलत राहतात."

"कोणाशी बोलतात?"

"देवाशीच, असं वाटलं मला."

"मग इथं येऊन बोला म्हणावं. देऊळ कशाला आहे?"

"इथं बोलल्या होत्या ना, भाऊ." पाळकसाहेबांची नजर खाली होती. "आपण बोलू नाही दिलं."

मला पुसून झालं होतं, तरी भाऊ पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागले. दोन दिवसांनी त्यांची सुट्टी होती. त्यांनी मला चादरीत गुंडाळलं, सायकलरिक्षात ठेवलं, पाळकसाहेबांना शेजारी बसवलं आणि भर दुपारी निघाले. समजूत घालून बाईंना परत आणायचं, एखादं धीराचं गाणं म्हणायचं, असा त्यांचा बेत होता. मी चादरीत धडधडत होते. आता पुन्हा मला त्या बाईवर वाजवणार की काय!

बाई खरंच मशीनवर होत्या. आम्हाला पाहून पाय थांबले. त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. घर आवरलेलं होतं. खुंटीला निळं स्वेटर लटकलं होतं, श्रीकांतचं.

भाऊंनी घसा खाकरला. "बाई, देवळात येत चला. असं एकटं बसणं बरं नाही. विश्वास धरा."

"मी आली होती भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमच्या देवळात पेटी रडणाऱ्याला चूप करते. मग मी काहून येऊ?"

भाऊंचा चेहरा पडला. "बाई, मी तुमच्या भल्यासाठीच... तुम्ही तर कारखान्यातल्या आहात. एक माणूस ओरडला तर बाकीच्यांचे हात थरथरतात. तुम्हाला माहीत आहे."

"तिथं बारूद आहे भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "देव काही बारूद नाही, की मी जोरात बोलली तर फुटून जाईल."

मग अडखळणारे आमचे पाळकसाहेब त्या दिवशी न अडखळता म्हणाले, "भाऊ, बाई बरोबर बोलून राहिल्या. पवित्र शास्त्रातल्या भक्तांनी देवाला असंच धरून विचारलं आहे. कुठं आहेस, काहून झोपला आहेस, म्हणून. त्यांतल्या काही प्रार्थना तर आभारापर्यंत पोचतसुद्धा नाहीत. तरी त्या प्रार्थनाच आहेत. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो."

भाऊंनी चादर सोडून मला पुढे ओढलं. "बाई, मला गाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. सांगा, काय वाजवू?"

"काही नका वाजवू. फक्त एक सूर धरा." बाई मशीनकडे पाहून म्हणाल्या, "नुसत्या शांततेत तोंड नाही उघडत माझं. आपलाच आवाज ऐकून शरम वाटते. मशीनची घरघर खाली असली की येते बोलता. तुम्ही तसंच करा. एवढा सूर धरून ठेवा, मी बोलते."

भाऊंनी एक पट्टी दाबली. बाईंनी मान हलवली, "थोडा खाली." दुसरी दाबली. "हां. चलो, हाच." तीस वर्षं मी हजार गाणी वाजवली होती, पण एकच सूर कधी वाजवला नव्हता. सोपं नसतं ते. भाता जोरात ओढला तर सूर अंगावर येतो, हळू ओढला तर मरतो. आणि सत्यवतीबाई बोलू लागल्या.

"ऐक. मी सत्यवती बोलून राहिली. नाव सांगते, कारण तू विसरला असं वाटते मला. माझा श्रीकांत कुठं आहे? सरकारला माहीत नाही, पलटणीला माहीत नाही. तुला तर माहीत आहे ना? मग सांगत काहून नाही? त्याचं स्वेटर इथंच राहिलं. तिकडं बर्फासारखी थंडी आहे म्हणतात. नर्मदेत बुडू नाही दिलं त्याला तू. दोनदा वाचवला. मग आता कुठं हात सोडला? आणि हे पण ऐक. मी थैल्या शिवते. माझ्या हातची थैली तिकडं जाऊन फुटत असेल, तर तिकडं पण कोणाचा तरी श्रीकांत असेल. त्याची आई पण तुलाच बोलावत असेल. मला काही सुचत नाही. हे तू पाहून घे. मेला असेल तर सांग, मी तेही ऐकीन. पण असा चूप नको बसू. मी माणसांचं चूप बसणं सहन केलं, तुझं नाही होत."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. बाई रडल्या, ओरडल्या, मशीनवर मूठ आपटली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. भाऊंचा हात भरून आला होता. मला कळत होतं ना, भाता लटपटत होता. दोनदा त्यांची बोटं सवयीने गाण्याच्या पट्ट्यांकडे सरकली. दोन्ही वेळा त्यांनी ती मागे घेतली. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी माझ्या पट्ट्यांवर पडलं, आणि पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही.

शेवटी बाई थांबल्या. भाऊंनी हळूच विचारलं, "आता आभाराचं एक कडवं?"

"नाही भाऊ. आज आभार नाहीत माझ्याजवळ. खोटे कुठून आणू? आज आमेन पण नाही म्हणत. संपलं नाही माझं. रविवारी बाकीचं बोलेन."

"बरं," भाऊ म्हणाले. "या. मी सूर धरतो."

मित्रांनो, रविवारी बाई आल्या. साक्षीच्या वेळेनंतर भाऊ स्वतः उभे राहिले. घामाघूम झाले होते. म्हणाले, "इतकी वर्षं मी पेटीने लोकांना खाली बसवलं. माझं चुकलं. आजपासून आभार झाले की पेटी एकच सूर धरेल. ज्याला देवापाशी गाऱ्हाणं घालायचं आहे त्याने घालावं. घड्याळ मी घरी ठेवून आलो आहे." काही पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. एक जण तर पुटपुटला, "हे काय, देवळाचं रडघर करून राहिले!" पण सत्यवतीबाई उठल्या आणि बाकीचं बोलल्या. कुणाचा विश्वास पळून गेला नाही. उलट शेजारच्या बाईने सरकून त्यांचा हात धरला.

तिसऱ्या रविवारी भय्यासाहेब उठले. "सन अठ्ठावनमध्ये मला मुतखडा झाला..." पोरांचे रुमाल तोंडाला लागले. भाऊंनी सूर धरला. मुतखडा झाला, दवाखाना झाला, कंपाउंडर झाला. मी वाजले नाही. म्हणजे वाजत होते, पण तेवढीच, खालून. आणि भय्यासाहेब पहिल्यांदा कंपाउंडरच्या पुढे गेले. "...तो बाटली देऊन राहिला होता, तेवढ्यात घरून माणूस आला. आमच्या बेबीला ताप चढला होता. सहा वर्षांची होती. मी पोचलो तर ती गेली होती. मी तिथं नव्हतो, देवा. खड्यासाठी पडून होतो मी. तिनं मला हाक मारली असेल."

तेरा वर्षं हा म्हातारा मुतखड्यापासून सुरुवात करत होता, कारण त्याचा तो दिवस तिथूनच सुरू व्हायचा. आणि तेरा वर्षं मी त्याला बेबीपर्यंत पोचू दिलं नाही. आता मला सांगा, माझा तो तोरा मी कुठे नेऊन घालू? पण एक बरं झालं. भय्यासाहेब खाली बसले तेव्हा ते तेरा वर्षांनी हलके होऊन बसले. पुढल्या रविवारी त्यांनी मुतखड्याचं नाव काढलं नाही. आंब्याला मोहोर फार आला म्हणून आभार मानले, आणि चक्क दोन मिनिटांत आटोपले.

एप्रिलात सत्यवतीबाईंना एक कार्ड आलं. परदेशातून फिरत फिरत आलेलं, चुरगळलेलं. श्रीकांत शत्रूच्या कैदेत होता. जिवंत होता. माझ्या सुरामुळे ते कार्ड आलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणारी पेटी खोटारडी. कार्ड न आलेल्या आयाही याच शहरात होत्या, आणि त्यांचं गाऱ्हाणंही तितकंच खरं होतं. बाईंनी कार्ड वाचून दाखवलं, मनापासून आभार मानले, आणि त्याच दिवशी गाऱ्हाण्याच्या वेळेला माझ्याजवळ येऊन बसल्या. भाऊंना म्हणाल्या, "माझं कार्ड आलं म्हणून बाकीच्यांचं रडणं संपलं काय? तुमचा हात दुखतो. मला शिकवा भाता." आणि त्या शिकल्या.

आता शेवटाकडे येण्याआधी माझं स्वतःचं गाऱ्हाणं उरकून टाकते, नाहीतर राहून जाईल. भाऊ गेल्यावर मंडळीने पक्कं देऊळ बांधलं आणि विजेवर वाजणारा कीबोर्ड आणला. त्यात शंभर वाद्यं आहेत म्हणे. मला सामानाच्या खोलीत ठेवलं. उंदराने माझा भाता कुरतडला, दोन सूर मुके झाले, आणि एका पोराने तर माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. सागवानावर, बघा! वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला राग आला, रडू आलं, सगळं आलं. ते सगळं मी देवाला ऐकवलं. शेवटी मागच्या वर्षी मीरा नावाच्या एका बाईने मला बाहेर काढलं, भात्याला नवं चामडं लावून आणलं. मी पुन्हा श्वास घेते आहे. झालं माझं.

पण मला खरं सांगायचं आहे ते बाहत्तरच्या डिसेंबरातलं. कैदी सुटले आणि श्रीकांत घरी आला.

मंडळीला आनंद मावेना. झेंडूची तोरणं लागली, खव्याच्या जलेबीची परात आली. भाऊंनी नवी चाल आठवडाभर घोटली होती. श्रीकांतला पहिल्या रांगेत बसवलं. तो वाळला होता आणि डाव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं. कुणी पाठ थोपटली की दचकत होता. साक्षीची वेळ आली. सगळे म्हणाले, "श्रीकांतभैया, बोला, बोला!"

तो उभा राहिला. तोंड उघडलं. शब्द येईना. घाम फुटला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही. कुणीतरी धीर द्यायला टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली, कुणीतरी गाणं उचललं, आणि भाऊंनी भाता ओढला. मीही हुरळून गेले हो! इतकं सगळं होऊनसुद्धा. आनंदाच्या दिवशी माणसं आणि पेट्या दोन्ही विसरतात. गाणं दणाणलं, आणि श्रीकांत मटकन खाली बसला.

सत्यवतीबाई उठल्या. रांग ओलांडून आल्या आणि भात्यावर तळहात ठेवला. माझा श्वास थांबला. गाणं विरत विरत गप्प झालं.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला आभार नाही मानायचे. त्याला आधी दुसरं बोलायचं आहे."

भाऊंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि सतरंजीवरून बाजूला सरकले. बाई बसल्या. एक पट्टी दाबली आणि सूर धरला. आपल्या लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता सूर.

मग श्रीकांत बसल्या जागेवरूनच बोलला.

"श्यामसुंदर होता माझ्याबरोबर. आम्ही दोघं तार टाकत होतो. पुढं तो, मागं मी. माझ्या बुटात पाणी गेलं म्हणून मी थांबलो. बस, एवढंच. मी बूट काढून राहिलो होतो आणि तो पुढं गेला. तिथंच गोळा पडला. देवा, मला घरी आणलं तू. त्याला काहून नाही आणलं? त्याची आई पण आहे. मी तिला काय सांगू? बूट काढत होतो म्हणून सांगू?"

तो रडत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी 'देवाची इच्छा' म्हणालं नाही. जलेबी परातीत गार झाली. भय्यासाहेब उठून त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले आणि तिथेच राहिले.

खूप वेळाने श्रीकांतने डोळे पुसले, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, हात दुखून राहिला असेल तुझा. सोड आता."

"नाही दुखत," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण भाता एका लयीत चालला होता. "बोल तू. मी धरून आहे."

तर मित्रांनो, पेट्या जपा, पण नुसत्या पेट्याच जपू नका. तुमच्या घरात, वर्गात, देवळात कुणाला रडू आलं तर घाईने गाणं लावू नका. 'पुरे आता' म्हणू नका. देवाशी भांडणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, तो त्याच्याच दाराशी उभा असतो. त्याच्या जवळ बसा आणि त्याचं बोलून होईपर्यंत उठू नका.

त्या दिवशी श्रीकांतचं बोलून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. मग त्याने गार जलेबी खाल्ली. एक नाही, चार.